पारेओ

पारेओ : दक्षिण पॅसिफिक महासागरातील ताहिती व तिच्या परिसरातील बेटांवर अंगाभोवती गुंडाळून नेसण्यात येणारे, न बेतलेले व न शिवलेले आयताकार वस्त्र. ताहितीय भाषेत त्यास ‘पारेऊ’ म्हणतात. ‘पारेओ’ हे यूरोपीयांनी रूढ केलेले व फ्रेंच भाषेद्वारा जगभर पसरलेले रूप होय. मुळात हा शब्द स्त्रियांच्या कमरेखालच्या वस्त्रापुरता मर्यादित होता. पुरुषांच्या लंगोटवजा वस्त्रास ‘मारो’ असे वेगळे नाव होते. पुढे हा भेद मावळला आणि स्त्रीपुरुष दोघांच्याही गुंडाळवस्त्रास पारेओ म्हणू लागले.

सर्वसाधारण पारेओ सु. १८० सेंमी. लांब व ११० ते १२० सेंमी. रुंद असतो. त्याला गुंडी, नाडी, बंद वा शिवण यांपैकी काहीही नसते. एकाच कापडाचा घागरा व्हावा, झगा व्हावा की चोळणा, हे सर्वस्वी ते कसे धरले, किती वेढे दिले आणि गाठ कोठे मारली यांवर अवलंबून असते. भारतीय वाचकास ही कल्पना नवीन नाही. धोतर, लुगडे व लुंगी यांच्यामागे हेच तत्त्व आहे. मात्र नऊवारी लुगड्याच्या भरपूर लांबीमुळे निऱ्या, ओचा व कासोटा यांना जो वाव मिळतो, तो पारेओत नाही. त्याची लांबी नऊवारीच्या पाव हिश्शाहूनही कमी असल्याने निऱ्यांना त्यात जवळजवळ स्थान नसते आणि वस्त्र अंगावर टिकविण्याचा सगळा भार गाठीवर व खोचण्यावर पडतो. पारेओ नेसण्याच्या पद्धतींचा विचार म्हणजे मुख्यतः या गाठींच्या जागांचा विचार होय.

पॅसिफिकमधील इतर बेटांवरही अशीच वस्त्रे आहेत. सामोआत त्यास ‘लावालावा’, फिजीत ‘सुलू’, टाँगात ‘तुपेनू’ व पापुआ न्यू गिनीत ‘लाप्लाप’ म्हणतात. यांतील काहींना आता शिंप्याचा हात लागला आहे : फिजीत पुरुषांचा खिसे असलेला बेतीव सुलू कचेरीतही वापरतात, तर तेथील पोलिसांच्या समारंभी गणवेशातील पांढऱ्या सुलूचा खालचा काठ करवतीच्या दात्यांसारखा कापलेला असतो. मलायी-इंडोनेशियन ‘सारोंग’शी पारेओची नेहमी गल्लत केली जाते, तथापि सारोंगची दोन टोके बहुधा एकमेकांस शिवून त्याची नळी केलेली असते, तर पारेओ पूर्णपणे उघडा असतो. नळीत शिरून ती कमरेशी दुमडावी लागते; उघड्या कापडाला चार मोकळी टोके असतात. पारेओ ज्या अनेक प्रकारे नेसता येतो, त्याचे कारण ही चार टोकेच होत.

पूर्वपीठिका : सुती कापड येण्यापूर्वी ताहितीतील वस्त्रे टापाची, म्हणजे झाडांच्या अंतर्सालीपासून बनविलेल्या कापडाची असत. कागदी तुती, नीरफणस व वडाच्या जातीची झाडे यांची साल भिजवून, सुरूच्या कठीण लाकडाच्या खाचा पाडलेल्या चौकोनी दांडक्याने ठोकून ते तयार करीत. हे काम प्रामुख्याने स्त्रियांचे असे. सॅम्युएल वॉलिस (१७६७), ल्वी आंत्वान द बूगँव्हील (१७६८) व जेम्स कुक (१७६९) यांच्या जहाजांनी ताहिती गाठली, तेव्हा त्यांना असे कापड अनेक दर्जांचे व मोठ्या प्रमाणावर तयार होताना दिसले. जवळ किती कापड आहे यावर घराण्याची प्रतिष्ठा ठरे. मान्यवरांस भेट द्यावयाचे कापड कित्येकदा देणाऱ्याच्या अंगाभोवतीच गुंडाळलेले असे व त्याचे वेढे सोडून ते अर्पण केले जाई. कुकच्या तिसऱ्या सफरीतील चित्रकार जॉन वेबर याने अशी भेटवस्त्रे नेसलेल्या ताहितीय तरुणीचे चित्र काढले असून तीत कमरेपासून खाली कापडाचा प्रचंड घेर दिसतो.

वस्त्र अंगावर कोठपर्यंत असावे, यालाही तेव्हा सामाजिक अर्थ होता. श्रेष्ठ सरदार समोर असता किंवा देवस्थानापाशी जाताना स्त्रीपुरुष खांद्यावरचे वस्त्र कमरेपर्यंत उतरवीत. तसे करणे हा आदर होता. यूरोपीयांच्या दृष्टीने मात्र अंग उघडे टाकणे म्हणजे नेमके त्याच्या उलट. एकाच कृतीचे हे दोन अर्थ पुढील शतकभर एकमेकांशी झगडत राहिले, आणि पारेओचा इतिहास हा बऱ्याच अंशी त्या झगड्याचा इतिहास आहे. वस्त्राला मिळणाऱ्या मानाचे एक टोकाचे उदाहरण म्हणजे ‘मारो ऊरा’ हा तांबड्या पिसांचा राजपट्टा. वॉलिसने बेटावर उभारलेले तांबडे निशाण ताहितीच्या लोकांनी अशा एका पट्ट्यात शिवून टाकले व १७७७ मध्ये कुकने तो पट्टा पाहिला. परक्याच्या सत्तेचे चिन्ह त्यांनी आपल्या सत्तेच्या वस्त्रात सामावून घेतले होते.

टापा उबदार व हलका असला, तरी पाण्यात भिजला की त्याची वीण विरघळल्यासारखी होते व तो फाटतो. ताठ टापाची घट्ट गाठही नीट बसत नाही. तो गुंडाळून खोचणे किंवा वरून पट्टा बांधणेच सोयीचे. यूरोपीय जहाजांबरोबर आलेले सुती कापड धुता येई, ओले झाले तरी टिके आणि त्याला गाठ बसे. टापा मागे पडण्याची जी अनेक कारणे आहेत, त्यांत धर्मांतर व व्यापार यांच्या जोडीने हे साधे व्यावहारिक कारणही विसरता येत नाही. आज परंपरागत म्हणून दाखविण्यात येणाऱ्या गाठींपैकी बऱ्याच गाठी सुती कापडाशिवाय संभवल्याच नसत्या.

लंडन मिशनरी सोसायटीचे धर्मोपदेशक १७९७ मध्ये ‘डफ’ या जहाजातून ताहितीला पोहोचले. दुसरा पोमारे या राजाने ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर १८१९ मध्ये त्याच्या नावाने कायदेसंहिता जाहीर झाली. नव्या आचारात स्त्रियांसाठी बंद गळ्याचा, लांब बाह्यांचा, पायघोळ सैल झगा आला आणि चर्चमध्ये जाताना तो अंगावर असणे सभ्यपणाची खूण ठरली. पारेओ मात्र नाहीसा झाला नाही. घरात, न्हाताना, खाजणात मासे धरताना, निजताना तो अंगावर राहिला. म्हणजे एकच स्त्री रविवारी झगा व सोमवारी पारेओ नेसे. फ्रान्सच्या संरक्षणाखाली (१८४२) व पुढे फ्रेंच वसाहत झाल्यावरही (१८८०) ही वाटणी कायम होती. १८९१ मध्ये ताहितीला आलेल्या पॉल गोगँ या फ्रेंच चित्रकाराच्या त्याच वर्षीच्या ‘ताहितीच्या स्त्रिया’ या चित्रात ती नेमकी टिपली गेली आहे : वाळूवर बसलेल्या दोघींपैकी एकीने तांबड्या जमिनीवर पांढरी फुले असलेला पारेओ नेसला आहे, तर दुसरीच्या अंगावर धर्मोपदेशकी वळणाचा गुलाबी झगा आहे. गोगँची चित्रे पाहून ताहितीत सगळीकडे पारेओच दिसत असावा असा समज होतो. तो त्याच्याच या चित्राने खोटा ठरतो.

गोगँच्या चित्रातील तांबडे-पांढरे कापड बेटावर विणलेले किंवा छापलेले नव्हते. ठळक पार्श्वभूमीवर मोठी पांढरी फुले असलेली ही छापील कापडे यूरोपातील, विशेषतः इंग्लंडमधील, गिरण्यांतून पॅसिफिकच्या बाजारासाठी येत. जास्वंद, नीरफणसाची पाने व अनंताच्या वंशातील ‘तिआरे’ हे फूल या आकृतिबंधांमुळे ती पुढे इतकी स्थानिक वाटू लागली की, त्यांचे परकेपण कोणाच्या ध्यानी राहिले नाही.

नेसण्याच्या पद्धती : पारेओ दोन प्रकारे धरता येतो. लांब बाजू जमिनीला समांतर ठेवली, तर कापड आडवे. आखूड बाजू वर घेतली, तर उभे. जुन्या पद्धती प्रायः आडव्या कापडाच्या आहेत.

सर्वांत जुनी व आजही घरोघरी आढळणारी पद्धत कमरेची. कापड पाठीमागून घेऊन दोन्ही वरची टोके पुढे आणतात, एक बाजू दुसरीवर ओढून वरचा काठ बाहेरच्या अंगाने दोनतीनदा गुंडाळतात व टोक आत खोचतात. काठ गुंडाळल्यामुळे कमरेभोवती दोरासारखी जाड कड तयार होते आणि तीच पट्ट्याचे काम करते. पुरुष बहुधा वरचा भाग दुमडून वस्त्र गुडघ्यापर्यंत आखूड करतात आणि पुढे किंवा बाजूस गाठ मारतात. स्त्रियांत ते घोट्यापर्यंत येते. मासेमारी, नारळावर चढणे अशा कामांच्या वेळी पुरुष पुढचा खालचा काठ पायांमधून मागे नेऊन कमरेशी खोचतात. कोकणातील कोळ्यास हे पाहून फारसे नवल वाटणार नाही.

दुसरी मुख्य पद्धत छातीवरची. कापड काखांखालून घेऊन अंगाभोवती सु. दोन वेढे देतात व बाहेरचे टोक वरच्या काठात खोचतात किंवा दोन्ही टोकांची छातीच्या मध्यावर गाठ मारतात. ही पद्धत दिसते सोपी. टिकविण्यास मात्र सर्वांत अवघड. कमरेवर बांधलेले वस्त्र खाली सरकू लागले, तर रुंद नितंबांवर अडते. छातीखाली शरीर निमुळते होत जाते, त्यामुळे अडण्यास आधार थोडा. शिवाय श्वासागणिक छातीचा घेर कमीजास्त होतो व प्रत्येक श्वासाबरोबर खोचलेले टोक किंचित सैल होते. म्हणून नुसते न खोचता टोकास आधी पीळ देऊन तो पीळ काठाखाली दडपतात. पिळलेले कापड गोलसर व खरखरीत होते आणि शेजारच्या थरास घट्ट धरून ठेवते.

याच अडचणीवर दुसरा उपाय म्हणजे भार मानेवर किंवा खांद्यावर नेणे. काखांखालून पुढे आणलेली दोन टोके छातीवर एकमेकांवरून ओलांडतात, त्यांना पीळ देतात व मानेमागे गाठ मारतात. पारेओ म्हटल्यावर बाहेरच्या जगास जी आकृती आठवते, ती हीच. छातीचा घेर ९० सेंमी. धरल्यास १८० सेंमी. लांबीच्या कापडाची प्रत्येक बाजूस सु. ४५ सेंमी. एवढीच लांबी ओलांडण्यासाठी व गाठीसाठी उरते. म्हणून स्थूल व्यक्तीस या पद्धतीसाठी अधिक लांब कापड घ्यावे लागते. ही गोष्ट विक्रेते क्वचितच सांगतात. एका खांद्यावरच्या पद्धतीत कापड एका काखेखालून घेऊन पुढचे व मागचे टोक विरुद्ध खांद्यावर बांधतात. हवाईमध्ये या नेसणीस ‘कीकेपा’ असे स्वतंत्र नाव आहे. दोन्ही हात मोकळे राहतात आणि भार खांद्यावर असल्याने चालताना, वाकताना ते सुटत नाही. उघडी राहणारी बाजू झाकण्यासाठी कडा एकमेकींवर नीट याव्या लागतात, एवढेच.

कापड उभे धरून नेसण्याच्या पद्धती बहुतांशी अलीकडच्या आहेत. वरची दोन टोके मानेमागे बांधून खालचा भाग पुढून अंगावर सोडतात व कमरेशी दोन्ही कडा मागे नेऊन बांधतात. पाठ उघडी राहते. चोळण्यासारखी पद्धतही उभ्या कापडाचीच : आखूड काठाची दोन टोके पोटावर बांधून कापड मागे लोंबते ठेवतात, ते पायांमधून पुढे ओढून घेतात आणि खालची दोन टोके नितंबांवरून मागे नेऊन बांधतात. सैल चड्डीसारखे वस्त्र तयार होते. पोहणाऱ्यांना व लहान मुलांना ते सोयीचे असते.

नृत्यासाठी पारेओ वेगळ्या जागी बांधला जातो. ताहितीय नृत्यात कंबरेच्या वेगवान हालचालींना प्राधान्य असल्यामुळे तो कमरेच्या खाली, कटिअस्थींवर बसवितात, जेणेकरून हालचाल वस्त्राखाली दडणार नाही. नितंबांचा आधार येथे पुरेसा मिळत नाही. म्हणून वरचा काठ विशेष घट्ट गुंडाळून बाजूस पक्की गाठ देतात. सालीच्या धाग्यांचा ‘मोरे’ हा घागरा जलद नृत्यांचा, तर हातांनी कथा सांगणाऱ्या ‘आपारिमा’ या संथ नृत्यास पारेओ अधिक शोभतो. धर्मोपदेशकांनी निषिद्ध मानलेल्या या नृत्यांना १८८१ पासून जुलैतील सार्वजनिक उत्सवात मर्यादित वाव मिळाला. १९५६ मध्ये मादलेन मुआ यांनी ‘हेइवा’ हे नृत्यपथक स्थापन केल्यावर त्यांना प्रतिष्ठाही लाभली. वस्त्राची प्रतिष्ठा नृत्याबरोबरच परतली, असे म्हणण्यास हरकत नाही.

गाठींचे कार्य : अंगावरचा पारेओ मूलतः घर्षणाने टिकतो. खांबाभोवती दोराचे वेढे वाढवीत गेल्यास तो घसरू न देण्यास लागणारा जोर झपाट्याने कमी होत जातो. वेढ्यांचा परिणाम नुसत्या बेरजेने नव्हे, तर गुणाकाराने वाढतो. म्हणूनच दोन वेढ्यांचे नेसणे एका वेढ्याच्या नेसण्यापेक्षा दुप्पट नव्हे, तर कितीतरी अधिक भरवशाचे असते. गाठ मारताना उजवे टोक डाव्यावरून व नंतर डावे उजव्यावरून न्यावे, म्हणजे गाठ सपाट बसते. दोन्ही वेळा एकाच बाजूने नेल्यास ती तिरकी होते व हळूहळू सुटते. सुरगाठ सोडण्यास सोपी, पण भरगर्दीत घात करणारी. मऊ, किंचित खरखरीत सुती कापड सर्वांत विश्वासू; रेशीम, रेयॉन व संश्लिष्ट धाग्यांची कापडे दिसण्यास झुळझुळीत असली, तरी गाठीतून निसटतात. सुती गाठ समुद्राच्या पाण्याने भिजली की आणखी आवळते व ती सोडताना नखांची परीक्षा होते.

गाठीवाचून कापड अडकविण्याची एक नामी युक्ती हवाईत आढळते. तेथील घोडेस्वार स्त्रिया ‘पाऊ’ नावाचा कित्येक मीटर लांबीचा घागरा विजारीवरून गुंडाळतात. त्यात टाचणी वा शिवण वापरीत नाहीत; जंगली अक्रोडाच्या गोट्यांभोवती कापडाची टोके पिळून त्या कमरेच्या पट्टीत खोचतात. गोटीमुळे टोक जाड होते व काठाखालून निसटू शकत नाही.

बाहेरील प्रसार : पारेओस जागतिक फॅशनचे रूप विसाव्या शतकात आले. १९३६ च्या द जंगल प्रिन्सेस या अमेरिकन चित्रपटात डॉरथी लामूर या अभिनेत्रीने घातलेला ‘सारोंग’ वेशभूषाकार ईडिथ हेड यांनी बेतला होता. तो दिसे गुंडाळलेला, पण होता अंगाबरोबर बेतून शिवलेला. त्या एका वस्त्राने दक्षिण समुद्राच्या पोशाखाविषयीची जगाची कल्पना बनविली, आणि जे वस्त्र मुळात शिवणाविना आकार घेण्यासाठी प्रसिद्ध, त्याची ओळख शिवलेल्या प्रतिकृतीतून झाली. १९४६ मध्ये बिकिनी हा पोहण्याचा पोशाख आल्यावर त्यावरून गुंडाळण्याचे वस्त्र म्हणून पारेओस नवा उपयोग मिळाला. १९६०-६१ मध्ये ताहितीतील फाआ येथे विमानतळ सुरू झाल्यावर पर्यटकांचा ओघ वाढला, व त्यांच्यासाठी निरनिराळ्या नेसणी दाखविणारी चित्रपत्रके निघू लागली. अशा पत्रकांतील डझनावारी प्रकारांपैकी बहुतेक वर वर्णिलेल्या चारपाच मूळ पद्धतींतच गाठीची जागा थोडी हलवून केलेले असतात.

पाश्चात्त्य किनाऱ्यांवर पारेओ हे अंग जेमतेम झाकण्याचे वस्त्र मानले जाते. सामोआ व फिजीच्या खेड्यांत गुंडाळवस्त्राचे काम नेमके उलट आहे. तेथे मांड्या उघड्या ठेवणे अशिष्ट समजतात आणि किनाऱ्यावरून गावात शिरणाऱ्या पाहुण्याने पोहण्याच्या पोशाखावर लावालावा वा सुलू गुंडाळावा, अशी अपेक्षा असते.

ताहितीत पारेओ रंगविण्याचा एक कुटिरोद्योग आहे. पांढरे सुती कापड ओले करून त्यावर पातळ रंग पसरतात, वर नेचे, जास्वंद किंवा नीरफणसाची पाने ठेवतात आणि ते कडक उन्हात सोडतात. उघडा भाग आधी वाळतो व पानाखालील ओलावा, त्याबरोबर रंगही, स्वतःकडे ओढून घेतो. पाने उचलली की त्यांच्या जागी फिकट, रेषांसह उमटलेल्या आकृती दिसतात. ढग आल्यास किंवा वाऱ्याने पान हलल्यास नक्षी फसते. त्यामुळे कोणतेही दोन पारेओ तंतोतंत सारखे निघत नाहीत. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त पारेओंपैकी बरेच मात्र इंडोनेशियासारख्या आशियाई देशांत छापले जातात. गोव्याच्या किनाऱ्यांवर फेरीवाले पर्यटकांना जे छापील आयताकार कापड ‘सारोंग’ म्हणून विकतात, तेही न शिवलेले व चार टोकांचे असल्याने वस्तुतः पारेओच्याच जातीचे आहे.

घरगुती वापरात पारेओ केवळ नेसला जातो असे नाही. तान्ह्या मुलाला गुंडाळण्यासाठी, उशीवर व गादीवर पसरण्यासाठी, खिडकीस पडदा म्हणून, आंघोळीनंतर अंग पुसण्यासाठी व बाजारातून आणलेल्या जिनसांचे गाठोडे बांधण्यासाठीही तो उपयोगी पडतो. जुना झाल्यावर विटलेला पारेओ अधिक मऊ होतो व त्याची गाठ नव्या कापडापेक्षा चांगली बसते. म्हणून घरात नेसण्यासाठी पुष्कळदा जुनाच पसंत केला जातो आणि नवा पाहुण्यांसाठी किंवा उत्सवासाठी घडी घालून ठेवतात.